मुदत कुठून धरायची

आप्पांना जाऊन किती वर्षं झाली असं कुणी विचारलं, की मी पटकन उत्तर देत नाही. तीन वर्षं म्हणावं, तर आप्पांचा आवाज कानात येतो, "कुठनं धरलीस तीन? श्वास थांबला तिथनं, की डॉक्टरनं सांगितलं तिथनं?" माझ्या बोलण्यातले सगळे 'कधीपासून' आणि 'केव्हापर्यंत' या माणसानं इतके खिळखिळे करून ठेवलेत, की आज निपाणीच्या शाळेत पोरांना कॅलेंडर शिकवतानासुद्धा मी मधेच अडखळते. पोरांना वाटतं बाईंना आठवत नाही. आठवतं की, म्हणूनच अडखळते.

आप्पा आमचे बेळगावचे घरमालक. टिळकवाडीत त्यांचं घर होतं, मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यात आम्ही भाड्यानं राहत होतो. मी मराठी शाळेत शिक्षिका आणि हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात. आप्पांनी जन्मभर दिवाणी वकिली केलेली. आमची ओळख झाली तोवर कोर्टात जाणं थांबलं होतं, पण काळा कोट रोज सकाळी खुंटीवरून काढून झटकायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा, हा नेम सुटला नव्हता. बायको आधीच गेलेली, मुलगा बंगळूरला. दिवसभर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेत.

पहिली उलटतपासणी आमची झाली. घर बघायला गेलो तर खोल्या दाखवायच्या आधी आप्पांनी ह्यांना विचारलं, "घोरता का?"

"नाही," हे म्हणाले.

"कशावरून?"

"म्हणजे... मला माहीत आहे ना."

"तुम्ही तर त्या वेळी झोपलेले असता. साक्षीदार जागा पाहिजे की." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा."

खोटं बोलायची सोयच ठेवली नव्हती. मी म्हटलं, "घोरतात."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"त्याच्या आधी घोरत नव्हते, हे तुम्हाला कसं कळलं? तेव्हा ऐकायला तुम्ही कुठं होता? 'माझ्या माहितीप्रमाणे लग्नापासून' असं म्हणायचं." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. घरी जाताना हे दुसरं घर बघूया म्हणत होते. मला मात्र तो म्हातारा तिथंच आवडला होता.

घोरणं हे निमित्त होतं. आप्पांचा खरा विषय एकच, मोजणी कुठून सुरू करायची. जगातली निम्मी भांडणं मोजणी चुकीच्या जागेवरून सुरू केल्यानं होतात आणि उरलेली निम्मी तिथूनच मिटवता येतात, असं त्यांचं ठाम मत होतं. बाजारात भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी आहे, की आप्पा कानडीत विचारणार, "यावाग कित्तिदि?" म्हणजे कधी उपटलीस? ती म्हणणार, "निन्नी संजी री." काल संध्याकाळी. झालं, मग ती संध्याकाळ सूर्य मावळायच्या आधीची की नंतरची, यावर पाच मिनिटं. पुढं पुढं त्या बायका एवढ्या तयार झाल्या, की आप्पा दिसताच लांबूनच जुडी उंच धरून ओरडायच्या, "साहेब, सूर्य होता री!"

स्वतःचा वाढदिवस ते आदल्या दिवशी करत. कायद्याच्या हिशेबानं माणसाचं वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पुरं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी ते आम्हाला कुंद्याची मिठाई आणून देत, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच्या तारखेला कुणी शुभेच्छा द्यायला आलं, तर "शिळ्या झाल्या" म्हणून हसत परत पाठवत. एकदा कडोलीच्या साहित्य संमेलनात एक वक्ते रंगात येऊन म्हणाले, "अनादी काळापासून आपला हा प्रदेश..." आणि मंडपाच्या मधोमध आप्पा उभे. "अनादी म्हणजे कधीपासून, तेवढं सांगून पुढं चला की." तेव्हापासून संयोजक त्यांना मानानं पहिल्या रांगेत बसवायचे आणि शेजारी एक धट्टाकट्टा कार्यकर्ता बसवायचे. आप्पांना तो मानच वाटायचा.

मला फार कुतूहल होतं, की या माणसाला हे लागलं कुठून. विचारत राहिले. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, तरुणपणी एका गरीब विधवेचं अपील एक दिवस उशिरा गेलं म्हणून फेटाळलं होतं, ते यांनी मनाला लावून घेतलं. त्यांच्या एका जुन्या वकील मित्रानं सांगितलं, छे, असलं काही झालंच नाही. आप्पांच्या जन्माची वेळ नेमकी कुठली यावर त्यांच्या आईत आणि सुइणीत वाद होता, त्यामुळे पत्रिका दोन निघाल्या, आणि पोरगा लहानपणापासून चक्रावलेला राहिला. मुलगा बंगळूरहून आला होता तेव्हा त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काही कारण नाही हो, ते पहिल्यापासून तसेच आहेत." शेवटी धीर करून आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, आधी मला सांगा, सवय सुरू कुठनं होते? पहिल्यांदा केलं तिथनं, की दुसऱ्यांदा केलं तिथनं?" मी नाद सोडला.

आमची मुलगी ठरल्या वेळेच्या बरीच आधी आली. शाळेत फळ्यावर लिहीत असताना मला त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी ती जन्मली. एवढीशी, काटकुळी, अंगाला चरबी म्हणून नाही. काचेच्या पेटीत ठेवलेली आणि नाकात नळी. मी दूध काढून वाटीत द्यायचे आणि नर्स ते नळीतून सोडायची. मला तिला पेटीच्या भोकातून हात घालून नुसतं शिवता यायचं. माझी आई कणकुंबीच्या बाजूच्या आमच्या गावाहून धावत आली आणि काचेपाशी उभी राहून दोन दिवस नुसती रडली.

त्यात आळीतल्या बायका. घरी आईला भेटायला आल्या आणि अंगणातच कुजबुज सुरू झाली. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं काही जगत न्हाय. हे ऐकून आई अंगणातच खाली बसली. व्हरांड्यातून आप्पा म्हणाले, "आठवा कुणी ठरवला?"

"आम्ही मोजला की, आप्पा," एक बाई म्हणाल्या.

"कुठनं मोजला? पाळी चुकली तिथनं, की शेवटची पाळी आली तिथनं? डॉक्टर शेवटच्या पाळीपासनं आठवडे मोजतात. तुम्ही मोजताय महिने, ते पण प्रत्येकीचे वेगळे. तुमचा आठवा म्हणजे कुणाचा सातवा, कुणाचा नववा. हा दावा उभाच राहत न्हाय."

पाळी हा शब्द अंगणात एवढ्या मोठ्यानं ऐकल्यावर बायका पदर सावरत निघूनच गेल्या. आई तोंडाला पदर लावून हसली. दवाखान्यात येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हाही ती हसत होती, आणि तिला हसताना बघून मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

बाराव्या दिवशी बारसं करायचं, तर मुलगी काचेत. आईला रुखरुख लागली. आप्पांनी निकाल दिला, "बारावा दिवस घरी आल्यापासनं धरा. दवाखान्यातले दिवस त्यात धरायचे न्हाईत." पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, की हिची वाढ बघताना वय जन्मतारखेपासून न धरता, बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिच्यापासून धरायचं. हे ऐकून आप्पांना जो आनंद झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. "म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं ही अजून जन्मलीच न्हाय!" असं ते येईल त्याला सांगत सुटले. पोस्टमनलासुद्धा सांगितलं.

मुलगी घरी आली. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दर दोन तासांनी पाजायचं. ती रडायची वाट बघायची नाही. वेळेआधी आलेली मुलं भूक लागली तरी रडत नाहीत, त्यांना तेवढी ताकदच नसते. झोपून राहतात. घरच्यांना वाटतं किती शहाणं बाळ, आणि तिकडं वजन उतरत असतं. उठवून पाजायचं. स्वतःहून मागायला लागली की मग घड्याळ बघायची गरज नाही."

आईला हे पटेना. "झोपल्यालं लेकरू कुणी उठिवतं व्हय? झोपंतच अंग धरतंय ते."

"उठवायचं," आप्पा म्हणाले. "डॉक्टरांचा हुकूम हाय. पण मास्तरीणबाई, हुकूम अर्धाच आणलाय तुम्ही. दोन तास म्हणालात. मुदत कुठनं धरायची?"

हे मी विचारलंच नव्हतं. कुणाला सुचतं? आप्पा खुर्चीत ताठ बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्यापुढं खरंखुरं काम आलं होतं. डोळे मिटून त्यांनी विचार केला आणि निकाल दिला. पाजणं हे एक काम आहे. काम पुरं झाल्याशिवाय पुढची मुदत सुरू होत नाही. आता काम पुरं कधी झालं म्हणायचं? दूध पिऊन झालं, ढेकर निघाला, दुपटं बदललं, बाळ झोपलं, की पुरं. तिथून दोन तास. सगळं इतकं स्वच्छ मांडलं की आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात खोट दिसली नाही.

दिवसाच्या वेळा आप्पांनी स्वतःकडं घेतल्या, रात्रीच्या ह्यांच्या मोबाईलकडं. वेळ झाली की व्हरांड्यातून कोर्टातल्या शिपायासारखा पुकारा यायचा, "बाळ आणि बाळाची आई, हाजिर!" एकदा नाही, तीनदा. शेजारच्या घरातलं कुत्रंसुद्धा पहिल्या पुकाऱ्याला उठून बसायला लागलं. आई म्हणायची, "कुत्रं उठतंय, पर आमचं लेकरू काय उठत न्हाय."

खरंच उठायची नाही. दुपटं सोडायचं, तळव्यांना गुदगुल्या करायच्या, ओल्या बोटानं कपाळ पुसायचं, तेव्हा कुठं डोळा किलकिला व्हायचा. छातीशी धरली की चार घोट ओढणार आणि थांबणार. दमायची ती. पुन्हा दोन घोट, पुन्हा डोळे मिटलेले. मग काढलेलं दूध बोंडल्यानं घालायचं. हे बोंडलं म्हणजे लहान बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. आईनं गावाहून आपल्या घरातलं आणलं होतं आणि दरवेळी ते उकळून घ्यायची. थेंब थेंब गालात सोडायचं आणि तिनं गिळायची वाट बघायची. मग ढेकर, मग कपडे, मग आई तिला उघडीच आपल्या छातीशी घेऊन वर पदर गुंडाळायची आणि निजवायची. एवढं होईपर्यंत तास उलटून जायचा. मग आप्पा घड्याळ लावायचे.

पहिल्यांदा वजन करायला गेलो तेव्हा काटा जेमतेम हलला. दुसऱ्यांदा हललाच नाही. डॉक्टरीणबाई काही रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्या म्हणाल्या, "चार दिवसांनी परत आणा. तेव्हाही वाढलं नसेल तर पुन्हा दाखल करू. नळीनं द्यावं लागेल."

म्हणजे पुन्हा ती काच. पुन्हा मी बाहेर आणि ती आत. तो विचार मला सहन होत नव्हता. माझं दूधच कमी पडतंय, माझ्यातच काही नाही, असं मी धरून बसले. आई म्हणाली, "गाईचं घालूया का गं जरा? तू बी वाढलीस की त्याच्यावर." शेजारणीनं मध सुचवला. डॉक्टरीणबाईंनी आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, पण माझा धीर सुटत चालला होता. वाटी हातात घेऊन मी गवळ्याच्या आवाजाकडं कान लावून बसले होते, एवढं सांगितलं तरी पुरे. आप्पांनी ते बघितलं. "थांबा," म्हणाले. "चार दिवस बघत बसायचं काम न्हाय. आत्ताच जाऊया. मला डॉक्टरीणबाईंना दोन प्रश्न विचारायचेत." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो काळा कोट खुंटीवरून निघून त्यांच्या अंगावर चढला.

दवाखान्यात आप्पा खुर्चीत बसले, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या सांगण्याप्रमाणे काटेकोर पालन चाललंय. तरी वजन वाढत न्हाय. ह्याचं कारण..."

"काका, आधी मी विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडं वळल्या. "काल सकाळी पहिल्यांदा कधी पाजलंत?"

"सहाला."

"मग?"

"साडेनऊच्या आसपास."

त्यांनी मान वर केली. "मी दोन तास म्हटलं होतं."

"दोन तासांनीच पाजते, बाई."

"सहा ते साडेनऊ दोन तास होतात?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी घसा खाकरला. "मुदत पाजणं पुरं झाल्यापासनं धरलीय. सव्वासात-साडेसातला पुरं झालं. तिथनं दोन तास."

"असं कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

हा प्रश्न आप्पांनी उभ्या आयुष्यात किती जणांना विचारला असेल कोण जाणे. त्यांना कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ते कोटाच्या बटणाशी चाळा करत बसले.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पहिला घोट पोटात गेला की पचायला सुरुवात होते, ढेकराची आणि दुपट्याची वाट पोट बघत नाही. त्यामुळे दोन तास मोजायचे ते पाजायला घेतलं तिथून, पुढच्या वेळी पाजायला घेईपर्यंत. तिला लागतो तासभर, तो या दोन तासांच्या आतलाच. दिवस-रात्र मिळून दहा-बारा वेळा व्हायला पाहिजे, तिथं तिला जेमतेम सात वेळा मिळत होतं. शिवाय छातीशी फार वेळ झगडत ठेवू नका, ती दमते आणि प्यालेलं सगळं त्यातच खर्च होतं. अर्ध्या तासानंतर बोंडल्यानं पुरं करा. "दूध तुमचं भरपूर आहे," त्या मला म्हणाल्या, "ते तिच्यापर्यंत पुरेशा वेळा पोचत नाही एवढंच. आणि चूक माझीही आहे. मी कुठून मोजायचं ते सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत हे असं मोजणारं कुणी भेटलं नव्हतं."

मला रडू आलं. दूध भरपूर आहे, एवढंच मला ऐकू आलं होतं.

परत येताना रिक्षावाला म्हणाला, पाच मिनिटांत पोचवतो, तरी आप्पांनी कुठून पाच, असं विचारलं नाही, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली. घरी आल्यावर ते पहिल्यांदाच आमच्या आतल्या खोलीत आले. आईच्या मांडीवर मुलगी झोपलेली. मुलीपुढं उभे राहून, कोट अंगावर तसाच, आप्पा म्हणाले, "बाई, चूक माझी झाली. उपाशी ठेवलं तुला मी."

"असं काय बोलताय आप्पा," आई गडबडली. "लेकराच्या जिवासाठनंच केलासा न्हवं?"

"हेतू कोण विचारतंय, आक्का? हिच्या पोटात दूध गेलं न्हाय ते न्हाय."

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांचे चार जुने वकील मित्र व्हरांड्यात जमले. सगळ्यांचे मिळून केस किती होते ते सोडा, पण अनुभव दांडगा. आप्पांनी चहा यायच्या आधीच प्रश्न टाकला, बाळाला दर दोन तासांनी पाजायचं असेल तर मुदत कुठून धरायची? मी खिडकीतून ऐकत होते. चौघांनी आढेवेढे न घेता सांगितलं, काम पुरं झाल्यापासून. एकानं तर कुठल्याशा जुन्या निकालाचा आधार दिला. दुसऱ्यानं, ढेकर न निघाल्यास काम अपुरं समजावं काय, असा पोटप्रश्न काढला आणि तिसरा त्यावर विचारात पडला. आप्पांनी सगळ्यांना मनसोक्त बोलू दिलं आणि मग म्हणाले, "चौघंही चुकलात. मी पण चुकलो. आपल्याला मूल दिलं असतं तर आपण पाचजणांनी कायद्यानं उपाशी मारलं असतं." आणि झालेली सगळी हकिकत, एक शब्द न गाळता, स्वतःच सांगितली. ज्या माणसानं कधी भाजीवालीपुढं माघार घेतली नव्हती, तो हे सांगताना बघून मित्र चहा प्यायचे विसरले.

दुसऱ्या दिवसापासून पुकाऱ्यांमधलं अंतर कमी झालं. आप्पा आता खुर्ची आमच्या दाराबाहेर, पाठ आमच्याकडं आणि तोंड रस्त्याकडं करून मांडायचे. मी पाजायला घेतलं की बाहेरून विचारायचे, "लागली?"

"लागली!" आतून आई ओरडायची. त्याच क्षणी घड्याळ सुरू. तासाभरानं आटोपलं तरी पुढच्या पुकाऱ्याला फक्त तासच उरलेला असायचा. मी किती थकले ते सांगत बसत नाही. तेवढ्यात जेवायचं, दूध काढायचं, जमलं तर पडायचं. हे कारखान्यातून आले की बोंडलं धरायचे. आधी निम्मं सांडायचं, मग हात सरावला. आईनं आता झोपलेल्या लेकराचं नाव काढणं सोडलं होतं. उलट तीच पहिली उठून दुपटं सोडायची. "उठ गं माजी बाय, उठ. कोर्ट भरलं," म्हणायची.

चौथ्या दिवशी वजनकाट्यावर ठेवताना मी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "बघा तरी." वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं. दाखल करायची गरज नव्हती. बाहेर बाकावर आप्पा बसले होते. त्यांना सांगितलं, तर त्यांनी खिशातून रुमाल काढून नुसता हातात धरला, त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

पुढं आठवड्या-आठवड्यानं ती भरत गेली. गाल आले, मांडीला वळी पडली. पण उठवावं मात्र प्रत्येक वेळी लागायचंच. ती स्वतःहून कधी रडली नाही. जन्मल्यापासून तिचा आवाज म्हणजे मांजराच्या पिलासारखं बारीकसं काहीतरी, तेही सुई टोचली तर. मला आता दुसरीच भीती लागली होती. दूध जातंय, वजन वाढतंय, पण ही मागत का नाही? हिला काही हवं असं वाटतच नाही का? हे मी कुणाला बोलले नव्हते. आप्पांना कसं कळलं माहीत नाही, एकदा पाठमोरे बसल्या बसल्याच म्हणाले, "दिलेली तारीख अजून यायची हाय तिची. थांबा की जरा."

दिलेली तारीख आली आणि गेली. नंतरची एक दुपार. आई दुपटी वाळत घालत होती, मी मोरीत बोंडलं घासत होते. आप्पा दाराबाहेर खुर्चीत, पुकाऱ्याला अजून अवकाश होता. आणि आतून एक आवाज आला. आधी कुणाचा ते मला कळलंच नाही. चांगला खणखणीत, रागावलेला आवाज. थांबला आणि दुप्पट जोरानं पुन्हा सुरू झाला.

आई ओलं दुपटं हातात घेऊन धावत आली. "काय चावलं का काय गं?"

मी तिला उचललं. काही चावलं नव्हतं. तोंड लाल करून, मुठी आवळून ती ओरडत होती आणि माझ्या पदराशी डोकं घासत होती. मी खाली बसले, तिला जवळ घेतलं. गुदगुल्या नाहीत, ओलं बोट नाही, काही नाही. तिनं अशी पकड घेतली की मला कळ आली, आणि ती घटाघट पीत राहिली. मधे थांबली, दम घेतला आणि स्वतःच पुन्हा सुरू झाली. तिच्या गिळण्याचा आवाज खोलीभर येत होता. आई भिंतीला टेकून बसली होती आणि डोळ्यांवर ते ओलं दुपटंच धरलं होतं.

पिऊन झाल्यावर तिला खांद्यावर टाकून मी दारात आले. आप्पा खुर्चीतून उठून उभे होते, तसेच रस्त्याकडं तोंड करून. वळले तेव्हा सगळा चेहरा ओला होता आणि त्याचं त्यांना भान नव्हतं.

"मागून घेतलं गं तिनं," ते म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं."